पानाची मागली बाजू

कारखान्याची बाग तात्यांची आहे, असं आम्ही सगळेच म्हणायचो. कागदोपत्री ती प्रशासन विभागाची होती, आणि प्रशासन विभागात मी टंकलेखक होते. त्यामुळे दर हिवाळ्यात फुलांच्या प्रदर्शनाची प्रवेशिका माझ्या टाइपरायटरवर चढायची. ‘स्पर्धकाचे नाव’ या रकान्यात कंपनीचं नाव. माळ्याचं नाव विचारणारा रकानाच नव्हता. प्रवेशिका सहीला साहेबांकडे जायची, कुंड्या टेम्पोतून भायखळ्याला जायच्या, आणि बक्षीस मिळालं तर कप साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जायचा. तात्या यांतल्या फक्त टेम्पोच्या वाटेने जायचे. मागे, कुंड्यांच्या मधे उकिडवे बसून.

तात्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या एका वाडीचे. मुंबईला आले ते परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, आणि गाववाल्याच्या ओळखीने ते आमच्या कारखान्यात जुन्या माळ्याच्या हाताखाली लागले. भांडुप-मुलुंडच्या त्या पट्ट्यात तेव्हा लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने होते. आत धूर, ग्रीस आणि भोंगे, पण फाटकापाशी हिरवळ आणि फुलांचे ताटवे, कारण पाहुणा पहिल्यांदा तेच बघणार. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत. पंधरा-सोळा वर्षं आम्ही एकाच फाटकातून आत जात होतो, पण तात्यांचं काम म्हणजे नेमकं काय, हे मला कळायला भायखळ्याला जावं लागलं.

मुंबईकराला भायखळ्याची राणीची बाग म्हणजे वाघ, माकडं आणि अलीकडे पेंग्विन. मुळात ती वनस्पतींची बाग. १८६२ साली लेडी फ्रिअरच्या हस्ते ती खुली झाली. तिची देखभाल बागायतदारांची एक संस्था करायची, आणि १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला अजून ‘राणीबाग’च सांगावं लागतं. घारापुरीचा दगडी हत्ती तिथेच आहे, आणि ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो एडवर्ड राजाचा पुतळाही १९६५ साली फोर्टातून उचलून इथेच आणून ठेवला. महापालिकेचं झाडा-फुलांचं वार्षिक प्रदर्शन याच बागेत, थंडी सरता सरता भरतं. तीन दिवस गर्दी उसळते. लोक फुलांपुढे उभे राहून फोटो काढतात आणि रोपं विकत घेऊन घरी जातात. त्या कुंड्यांना चिठ्ठ्या का लावल्या आहेत, याकडे फारसं कुणी बघत नाही.

माळ्याच्या दृष्टीने ते तीन दिवस म्हणजे चार महिन्यांची परीक्षा. तात्या दिवस उलटे मोजायचे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फूल भर उमलायला हवं. आधी नाही, नंतर नाही. मग पेट्युनियाचं बी ऑक्टोबरात, पाऊस नक्की गेला अशी खात्री झाली की टाकायचं. ते बी इतकं बारीक की फुंकरीने उडावं. म्हणून बारीक चाळलेल्या वाळूत कालवून पसरायचं, वरून माती लोटायची नाही, आणि झारीने पाणी तर मुळीच घालायचं नाही. परात पाण्यात ठेवायची, खालून ओल वर चढू द्यायची. झेंडू उशिरा टाकला तरी चालतो, तो दोन महिन्यांत फुलावर येतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते बाजूंनी फुटतं आणि कुंडी भरते. डेलियाचं गणित याच्या उलट. मोठं फूल हवं तर मधली एकच कळी ठेवायची, बाजूच्या सगळ्या काढायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते निर्दयपणाचं वाटलं होतं. शेंगदाण्याची पेंड माठात भिजत घालायची. चार-सहा दिवसांनी तिला जो वास सुटतो त्याने आमच्या प्रशासन विभागाच्या खिडक्या बंद व्हायच्या, आणि कुणीतरी साहेबांकडे तक्रार करायचं. साहेब हसून सोडून द्यायचे. कप त्यांनाही हवा असायचा.

एका वर्षी कंपनीचा माणूस रजेवर होता म्हणून प्रवेशिकांचे कागद घेऊन मी टेम्पोबरोबर गेले. परीक्षण लोकांना आत सोडण्याआधी होतं. परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते, साधी बुशकोट-पँट, गळ्यात दोरीला भिंग. बरोबरची मंडळी फुलांकडे पाहून ‘वा वा’ करत होती. ते गृहस्थ आमच्या कुंडीपाशी आले, खाली वाकले, आणि फुलाला हातही न लावता खालचं एक पान दोन बोटांत धरून त्यांनी ते उलटं केलं. भिंगातून पाहिलं. मग दुसरं पान. मग बोट मातीत खुपसलं, आणि पहिल्यांदाच वर बघून विचारलं, “ही कुणी केली?”

मी कंपनीचं नाव सांगितलं.

“तसं नाही. कुणी केली?”

तात्या मागे उभे होते, ते पुढे झाले. मग त्या दोघांत जे बोलणं झालं त्यातलं अर्धं मला कळलं नाही. पेंड किती दिवस भिजवली, लाल कोळी आला होता का, आला तर काय मारलं, की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेच घालवला. तात्या एरवी साहेबांपुढे ‘जी’ याच्या पलीकडे बोलत नसत. तिथे ते हातवारे करून बोलत होते, एका मुद्द्यावर तर त्यांनी परीक्षकांना चक्क खोडून काढलं, आणि परीक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या वर्षी आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर हळहळत होता. तात्या खुशीत होते. मी म्हटलं, “तात्या, पहिलं नाही मिळालं, आणि कप तरी कुठे तुमच्याकडे राहणार आहे?”

ते म्हणाले, “कप सायबाचा, बाई. पन त्या मानसानं पान उलटं करून बगितलं, ते माजं.”

किडी कुठे बसतात हे मला नंतर त्यांनीच दाखवलं. मावा, पांढरी माशी, लाल कोळी यांना ऊन आणि पाऊस दोन्ही नको असतात, म्हणून त्या पानाच्या खालच्या अंगाला घर करतात. वरून पान हिरवंगार दिसतं, आणि आठवड्याभरात झाड बसतं. ज्याला फक्त सजावट करायची आहे तो वरून पाणी मारून पान चकचकीत करतो. झाड सांभाळणारा रोज सकाळी पानं उलटत हिंडतो. बक्षीस देणारा जाणकार असेल तर तोही तेच करतो. तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं, आणि ते त्यांनी कधी तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नाही.

कारखाना बंद पडला. तशा कथा मुंबईत घरोघर आहेत, त्यामुळे लांबण लावत नाही. मी स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन घरी बसले. तात्यांचं थोडं देणं अडकलं होतं. एक दिवस ते आमच्या दारात उभे. हातात कागदांची पिशवी, आणि काखेत एक कुंडी.

“ताई, अर्ज लिवायचा हाय.” कारखाना गेला आणि मी ‘बाई’ची ‘ताई’ झाले, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

अर्ज लिहिला. पैसे तर ते देणार नव्हते आणि मी घेणार नव्हते, पण तात्यांना उधारी ठेवणं माहीत नव्हतं. कुंडी माझ्यासाठी होती. गोकर्णाचा वेल, निळा, दुहेरी पाकळीचा. आमची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिच्या खाटेवरून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत आणि आमच्या खिडकीचे गज. तात्यांनी न विचारता ती कुंडी खिडकीत ठेवली, गजांना सुतळी बांधून वेल चढवून दिला, आणि आईला म्हणाले, “आजी, ह्याचं फूल मोजायचं काम तुमचं. मला आकडा लागंल.” त्यानंतर दर अर्जामागे एक कुंडी आली. आई सकाळी फुलं मोजायची आणि मला सांगायची. तात्या आले की त्यांना आकडा द्यायची. कधी कधी ती आकडा वाढवून सांगते असा मला संशय होता. तात्यांना तो असेल तर त्यांनी दाखवला नाही. ती गेली तेव्हा खिडकीत गजांपेक्षा वेल जास्त होते.

अर्जांचा तसा उपयोग झाला, काही रक्कम सुटली. पण मी अर्ज लिहायला टेबलाशी बसले नसते तर नोकरी गेल्यानंतरचे ते महिने मी कसे काढले असते, कोण जाणे. माणसाला सकाळी उठायला काहीतरी निमित्त लागतं. तात्या ते आठवड्याला एक घेऊन येत होते, आणि त्याची परतफेड केली असं समजून कुंडी ठेवून जात होते. हिशोब त्यांच्या बाजूने नेहमी चोख. थकबाकी राहिली ती माझ्याकडे.

पुढे आमच्या गल्लीतले पर्जन्यवृक्ष मरू लागले. मुंबईच्या रस्त्यांवर हे मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, छत्रीसारखे पसरणारे वृक्ष शेकड्यांनी आहेत. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडला, आणि शहरभर ती झाडं वठत गेली. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं की रिकाम्या जागी नवी झाडं लावायची, आणि मी तात्यांचं नाव सुचवलं. ते तेव्हा जवळच एका नर्सरीत रोजावर जात. ते आले, गल्लीत एक फेरी मारली, वर तारा बघितल्या, खाली सिमेंट बघितलं, आणि म्हणाले, “झाडं मागनं. आदी फोडाफोडी.”

रस्त्याकडेच्या झाडांभोवती बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं असतं, हे आपण इतकं बघतो की दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलं होतं. मी ती बातमी कापून ठेवली, आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिताना ती कामी आली. मे महिन्यात परवानगीने आळी मोकळी झाली. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डे काढले आणि तसेच उन्हात तापत ठेवले, त्याने मातीतली कीड मरते. शेणखत, नीमपेंड, माती. पहिला चांगला पाऊस झाल्यावर ताम्हण, बहावा, करंज आणि बकुळ. पिशवी ब्लेडने कापून काढायची, पिशवीत गोल फिरलेली मुळं सोडवायची, खोडाची मान मातीत गाडायची नाही. काठीला रोप सुतळीने सैल बांधायचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन. नायलॉनची दोरी दिसली की तात्यांचा पारा चढे. सुतळी दोन पावसाळ्यांत कुजून गळते. नायलॉन तसाच राहतो आणि जाड होणाऱ्या खोडात रुततो. मुंबईत लोखंडी पिंजऱ्यांनी आणि नायलॉनच्या दोऱ्यांनी आवळलेली झाडं मोजायला बसलं तर एक वेगळी वृक्षगणना होईल.

करंजाच्या पानांवर एका वर्षी पुटकुळ्या उठल्या. सोसायटीत घबराट, कुणी औषध घेऊन आलं. तात्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं, आणि सांगितलं, “ही करंजाची सवय हाय. बारीक कोळी आसतो, डोळ्यानं दिसत न्हाई. झाडाला कायबी हुत न्हाई.” औषध परत गेलं. पुढे वाचलं तेव्हा त्यांचा शब्दन् शब्द बरोबर निघाला.

याच सुमाराला मला वृक्षारोपणाच्या बक्षिसांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला. १० एप्रिल १८७२ ला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पहिला ‘आर्बर डे’ झाला. ज्युलियस स्टर्लिंग मॉर्टन यांची कल्पना. नेब्रास्का म्हणजे माळरान, लाकूड नाही, सावली नाही. राज्याच्या शेती मंडळाने बक्षीस लावलं: त्या दिवशी ज्या जिल्ह्याची शेतकी संस्था सर्वांत जास्त झाडं नीट लावेल तिला शंभर डॉलर, आणि जो माणूस सर्वांत जास्त लावेल त्याला पंचवीस डॉलरची शेतीची पुस्तकं. दहा लाखांवर झाडं लागली असं सांगतात. पुस्तकांचं बक्षीस मला फार आवडलं, म्हणून मी ते तात्यांना उत्साहाने वाचून दाखवलं.

त्यांनी विचारलं, “लावल्या दिवशीच नंबर काडला?”

“हो.”

“आन उनाळा?”

मी म्हटलं, नियमात ‘नीट लावेल’ असा शब्द आहे. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते झाडाचा निकाल तिसऱ्या वैशाखाला लागतो. पहिला उन्हाळा माणसाच्या पाण्यावर निघतो, दुसरा निम्मा-निम्मा, आणि तिसरा झाडाने आपल्या मुळांवर काढला तर ते जगलं म्हणायचं. तोवर नंबर काढणं म्हणजे बारशालाच दहावीचा निकाल लावणं.

आपल्याकडेही मोजणी लावल्या दिवशीचीच. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै आला की खड्डा, रोप, पाहुणा, फोटो. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार, मग तेरा, मग २०१९ ला तेहतीस कोटी. मी आकडे वाचत होते आणि तात्या चहा पीत होते. ‘तेहतीस कोटी’वर त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला, देव मोजल्यासारखा. “पानी कोन घालनार?” एवढंच म्हणाले. मला त्या मोहिमेची टवाळी करायची नाही. त्यातली काही झाडं आज सावली देत असणारच. पण आकड्याला मिळणारी टाळी आणि पाणी घालणाऱ्याला मिळणारी मजुरी यांच्यातलं अंतर मला तात्यांमुळे दिसू लागलं, ते आता न दिसणं शक्य नाही.

मुंबईला तर मोठाच मान मिळाला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि त्याच नेब्रास्काच्या परंपरेतली आर्बर डे फाउंडेशन मिळून ‘ट्री सिटीज ऑफ द वर्ल्ड’ म्हणजे जगातल्या वृक्षनगरी जाहीर करतात. पाच अटी: झाडांची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं हवं, नियम हवेत, झाडांची मोजदाद हवी, पैसा बाजूला काढलेला हवा, आणि वर्षातून एकदा सोहळा हवा. मुंबईकडे सगळं होतं. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, आणि गणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडं मोजलेली आहेत. २०२१ च्या यादीत मुंबईचं नाव आलं. त्याआधी, ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या होत्या, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. पाचही अटी खऱ्या होत्या आणि आरेही खरं होतं. कागद उलटून पाहणारे होते, पान उलटून पाहणारा नव्हता, इतकंच मला म्हणता येतं. तात्यांना ही बातमी सांगितली नाही. आरेची त्यांनी टीव्हीवर पाहिली होती आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं त्यांच्या सुनेने सांगितलं होतं.

मात्र एक सन्मान त्यांनी मनापासून मानला. ८ नोव्हेंबर २०२१ ला तुळसी गौडा राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या, अनवाणी, आपल्या हलक्की समाजाच्या पोशाखात. कर्नाटकातल्या अंकोला तालुक्यातल्या या बाईंनी वनखात्याच्या रोपवाटिकेत वर्षानुवर्षं रोजंदारीवर काम केलं. कुठल्या मातृवृक्षाचं बी कधी घ्यायचं, हे त्यांना नजरेने कळायचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. १९८६ साली इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार सुरू झाला तेव्हाच त्यांना तो मिळाला होता. मी मोबाईलवर तात्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, पायांपाशी नेला, आणि बराच वेळ पाहत राहिले. “नर्सरीतली बाई हाय ही,” ते म्हणाले. “बगा, नखात माती असनार.” फोटोत नखं दिसत नव्हती. पण रोपवाटिकेतल्या मजुराचं नाव, त्याच्या स्वतःच्या नावाने, एवढ्या मोठ्या सभागृहात पुकारलं जातं हे त्यांना कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

आमच्या सोसायटीनेही मधे एकदा परिसरातल्या बाग-स्पर्धेत भाग घेतला. बायकांनी बेत केला की परीक्षणाच्या दिवशी नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणायच्या, आळ्यांच्या कडा गेरूने रंगवायच्या. अशा कुंड्या मिळतात, त्याचा धंदाच आहे. लग्नाला खुर्च्या आणाव्यात तशा त्या येतात आणि संध्याकाळी जातात. गेरूला तात्यांनी हरकत घेतली नाही. कुंड्यांना घेतली. “आपल्या घरात पावणं बगायला येनार, आन आपन दुसऱ्याची पोरं उभी करायची?” परीक्षक आले तेव्हा तात्या त्यांना थेट कोपऱ्यावर घेऊन गेले, जिथे आमची दोन बकुळीची रोपं वाळली होती. काढून टाकली नव्हती, मुद्दाम. एकाच्या मुळाशी कुणीतरी बांधकामाची चुनामिश्रित राड ओतली होती, दुसऱ्याला गाडीचा धक्का बसला होता. तात्यांनी दोन्ही नीट समजावून सांगितलं, आणि मग जिवंत झाडं दाखवली. बायका माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर सोसायटीचं नाव आलं. पण परीक्षकांपैकी एका बाईंनी जाताना तात्यांचं नाव आणि मोबाईल नंबर विचारून घेतला, आणि पुढे त्यांच्या भागातली झाडं बघायला त्यांना दोनदा बोलावलं. गाडीभाडं देऊन. ते प्रमाणपत्र सोसायटीच्या ऑफिसात लावलंय. त्याच्याखाली मी मार्कर पेनने तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं. सेक्रेटरींनी हरकत घेतली, कारण सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हता. पुढच्या सभेत मी ठराव मांडला. एकाने विरोध केला आणि बाकीच्यांना घरी जायची घाई होती, म्हणून तो मंजूर झाला.

तात्या आता गावी असतात. गुडघे गेलेत, मुंबईचे जिने झेपत नाहीत. पण गावात त्यांनी स्वस्थ बसावं असा काही योग दिसत नाही. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पंचतत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण देतात, आधी कागदपत्रं तपासतात, मग प्रत्यक्ष पाहणी. त्यांच्या ग्रामपंचायतीने भाग घेतला आहे, आणि मुंबईत बागेला बक्षिसं मिळवणारा माणूस म्हणून तात्यांना भूमीच्या कामात ओढलं आहे. शाळेच्या मागे त्यांनी रोपवाटिका घातली. माहितीचे कागद लिहायचं काम फोनवरून माझ्याकडे आलं, कारण ‘तुमची भाषा सायबाला कळती’.

गेल्या आठवड्यात लागवडीच्या आकड्यावर गाडी अडली. सरपंचांनी सांगितलेला आकडा एक, आणि तात्यांनी डोंगराच्या कडेने हिंडून, एक एक आळं बघून वहीत टिपलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी. सरपंच तरुण आहेत, माणूस वाईट नाही. ते मला फोनवर अजिजीने म्हणाले, “मॅडम, शेजारच्या गावानं केवढा लिहिलाय ते तरी बघा.” मी म्हटलं, मला तात्या सांगतील तो आकडा कळतो. त्यावर ते गप्प झाले, आणि मग हसले, कारण तात्या त्यांच्या आजोबांच्या वयाचे आहेत आणि त्यांना समजावण्याचा प्रयोग बहुधा आधीच होऊन गेला होता.

मी तात्यांचा आकडा लिहिला. पुढे ‘जगलेली’ असा शब्दही घातला, जो रकान्यात मागितलेला नाही.

काल तात्यांचा फोन आला. पाहणीला येणाऱ्यांची तारीख अजून कळलेली नाही, पण मी आधी दोन दिवस येऊन राहावं, असा निरोप. एसटी पाटणपर्यंत, पुढे नातू मोटरसायकल घेऊन येईल. गुडघ्याचं मलम आणावं. आणि सुतळीचे चार गुंडे, भायखळ्याच्या बाजारातले, चांगल्या पिळाचे, कारण पाटणला हल्ली सगळीकडे नायलॉनच मिळतो.

“बगून घ्या, ताई,” ते म्हणाले. “दुकानदार वरचा गुंडा चांगला दावतो. खालचा काडायला लावा.”